पाठीमागे बांधलेले हात

१८६३ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात तिशी ओलांडलेला एक माणूस आपल्या आईला भेटायला आला. पंधरा वर्षांनी मायलेकांची गाठ पडत होती, आणि आईने त्याला ओळखले नाही. तिने हात पुढे केला, त्याच्या कपाळावर ठेवला आणि बोटांनी चाचपायला सुरुवात केली. लहानपणी त्याला खांद्यावर घेऊन खेळवणाऱ्या एका मुलीच्या हातून तो फरशीवर पडला होता. त्या खोकेची खूण कपाळावर कायमची राहिली होती. आई ती खूण शोधत होती. ती बोटांना लागली, तेव्हा कुठे हा आपलाच मुलगा म्हणून तिची खात्री पटली.

हा मुलगा म्हणजे जेरेमाया ओडोनोव्हन रॉसा. पुढच्या पन्नास वर्षांत ब्रिटिश सरकारने त्याला राजद्रोही ठरवले, इंग्लंडच्या वृत्तपत्रांनी ‘डायनामाइट रॉसा’ म्हणून त्याचे नाव घेतले, आणि मेल्यावर आयर्लंडने त्याला राष्ट्रपुरुषासारखा निरोप दिला. पण त्याची कहाणी समजून घ्यायची तर सुरुवात या भेटीपासूनच करावी लागते. पोटच्या पोराला ओळखण्यासाठी आईला त्याची जखम शोधावी लागली, अशी वेळ त्या घरावर आली कशी?

रॉसाचा जन्म १८३१चा, आयर्लंडच्या दक्षिण टोकाला कॉर्क परगण्यातल्या रॉसकारबेरी भागातला. घर कुळाचे, बोली आयरिश. जमीन जमीनदाराची, राबणारा कूळ, आणि कुळाच्या ताटात बटाटा. पिकवलेले धान्य आणि पोसलेली जनावरे खंड भरण्यासाठी विकायची आणि उरल्या तुकड्यावर लावलेल्या बटाट्यांवर वर्ष काढायचे, अशी लाखो कुटुंबांची रीत होती. १८४५ साली या बटाट्यावर करपा पडला. दुसऱ्या वर्षी तर हिरवेगार शेत पाहता पाहता काळे पडून कुजले.

करपा निसर्गाने आणला, उपासमार मात्र राज्यकर्त्यांच्या धोरणाने पसरली. लंडनमध्ये मदतीच्या खर्चाच्या चाव्या चार्ल्स ट्रेव्हेलियन या अधिकाऱ्याच्या हाती होत्या. हा गृहस्थ आधी हिंदुस्थानात कंपनी सरकारच्या नोकरीत होता आणि पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. सरकारने बाजारात हात घालू नये, फुकट खायला घालून लोकांना आळशी करू नये, ही त्याची ठाम श्रद्धा. म्हणून उपाशी माणसांना दुष्काळी कामांवर रस्ते बांधायला जुंपले गेले, आणि त्याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य इंग्लंडला जात राहिले. १८४७मध्ये आणखी एक अट आली. ज्याच्याकडे पाव एकराहून जास्त जमीन आहे, त्याला मदत मिळणार नाही. पोटाला अन्न हवे असेल तर आधी जमीन सोडा, असा त्याचा सरळ अर्थ होता. १८४१च्या शिरगणतीत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाखांच्या वर होती. १८५१मध्ये ती ६५ लाखांवर आली. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि साथीच्या तापाने गेली, तितकीच जहाजांत बसून देशाबाहेर गेली.

रॉसाचे वडील अशाच एका दुष्काळी रस्त्याच्या कामावर जात होते. १८४७च्या मार्चमध्ये तापाने ते गेले. मागोमाग शेत गेले, घरही गेले.

त्याच वर्षी शेजारची जिलन अँडी ही विधवा वारली. तिचा मुलगा रॉसाकडे आला आणि आईला पुरायला हात लावशील का, म्हणून विचारू लागला. तेव्हा रॉसा पंधरा-सोळा वर्षांचा. शवपेटी नव्हती, चार माणसेही नव्हती. रॉसा खड्ड्यात उतरला आणि त्याने तिचा देह वरून आपल्या हातांवर घेऊन खाली ठेवला. आयुष्यात त्याने तुरुंग पाहिले, तीन लग्ने पाहिली, परदेश पाहिला. पण हा खड्डा त्याला कधी सुटला नाही. तिच्यावर त्याने कविता लिहिली आणि म्हातारपणीच्या आठवणींतही तो पुन्हा त्या खड्ड्यापाशी येऊन थांबला.

१८४८मध्ये आई आणि भावंडे अमेरिकेला निघाली. जेरेमाया तेवढा मागे राहिला, कारण स्किबरीन गावात एका नातेवाइकाच्या दुकानात त्याच्या पोटापाण्याची सोय झाली होती. आणखी काही घरांची माणसेही त्याच दिवशी निघाली होती. चव्हाट्यावर ताटातूट झाली आणि असा आकांत उठला की त्याचा आवाज पुढे जन्मभर त्याच्या कानांत राहिला. स्किबरीन म्हणजे दुष्काळाचे केंद्रच. गावाबाहेरच्या ॲबीस्ट्र्युरीच्या दफनभूमीत आठ ते दहा हजार माणसे सामुदायिक खड्ड्यांत पुरलेली आहेत. पुरताना त्यांच्या नावाचा एक दगडही लागला नाही. रॉसा त्या गावात मोठा झाला.

पोरवयात कोणाला राजकारण शिकवावे लागते, कोणाला ते मातीत दिसते. १८५६ साली रॉसाने स्किबरीनमध्ये ‘फिनिक्स’ नावाचे मंडळ काढले. दाखवायला वाचन आणि चर्चा. मनात एकच गोष्ट, आयर्लंड आयरिश माणसांचे असावे. दोनच वर्षांनी, १७ मार्च १८५८ रोजी, डब्लिनमध्ये जेम्स स्टीफन्सने एक गुप्त संघटना उभी केली. तीच पुढे आयरिश रिपब्लिकन ब्रदरहूड म्हणून ओळखली गेली, आणि तिच्या माणसांना लोक फेनियन म्हणू लागले. सभा, अर्ज, विनंत्या यांनी इंग्लंड हलणार नाही. शस्त्र हाती घेऊन प्रजासत्ताक उभारायचे, अशी शपथ घेतली जाई. स्टीफन्स स्किबरीनला आला, रॉसाने शपथ घेतली आणि मंडळाची पोरे भराभर तिच्यात सामील झाली. रात्री डोंगरात कवायती सुरू झाल्या.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात एका फितुराच्या माहितीवरून धरपकड झाली. रॉसा महिनोन्‌महिने खटला न चालवताच कॉर्कच्या तुरुंगात राहिला. शेवटी १८५९च्या जुलैमध्ये सरकारने सौदा पुढे केला: गुन्हा कबूल करा, सुटून जा. एका साथीदाराला आधीच दहा वर्षांची शिक्षा झाली होती. तोही सुटणार होता. रॉसाने गुन्हा कबूल केला. ही कबुली त्याला पुढे फार महागात पडली.

१८६३च्या अखेरीस फेनियनांनी डब्लिनमध्ये ‘द आयरिश पीपल’ हे साप्ताहिक सुरू केले. कचेरी पार्लमेंट स्ट्रीटवर, म्हणजे ब्रिटिश सत्तेचे ठाणे असलेल्या डब्लिन कॅसलपासून चार पावलांवर. जॉन ओलिअरी, थॉमस क्लार्क लुबी आणि चार्ल्स किकम लिहीत आणि रॉसा व्यवस्थापक म्हणून अंक, वर्गणी आणि माणसे सांभाळत असे. त्याच कचेरीत कामाला असलेला पिअर्स नेगल पोलिसांचा खबऱ्या होता. १५ सप्टेंबर १८६५च्या रात्री छापा पडला. कागद, छपाईचे खिळे, अंक, सगळे जप्त झाले आणि रॉसा, ओलिअरी, लुबी पकडले गेले. मेरी जेन अर्विनशी त्याचे लग्न होऊन तेव्हा वर्षही पुरे झाले नव्हते. पहिल्या दोन्ही बायका एकापाठोपाठ वारल्या होत्या. मेरी जेन विशीतली, कवयित्री, पोटुशी.

डिसेंबरात खटला उभा राहिला. न्यायाधीश विल्यम किओ हा एके काळचा राष्ट्रवादी पुढारी, नंतर सरकारी पदावर चढलेला. फेनियनांच्या लेखी तो ठरलेला फितूर. निकाल काय लागणार हे रॉसाला ठाऊक होते. त्याने वकील नाकारला आणि स्वतः उभा राहिला. ज्या वृत्तपत्रातल्या मजकुराबद्दल आपल्यावर राजद्रोहाचा आरोप आहे, ते वृत्तपत्र ज्यूरीने ऐकलेच पाहिजे, असे म्हणत त्याने अंक उघडला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तो आठ तास वाचत राहिला. जे वृत्तपत्र सरकारने बंद पाडले होते, ते भर कोर्टात सरकारच्याच न्यायाधीशाला ऐकावे लागले. ओलिअरी आणि लुबी यांना वीस-वीस वर्षे झाली. रॉसाला १८५९च्या कबुलीमुळे जुना गुन्हेगार धरले आणि जन्मठेप सक्तमजुरी ठोठावली.

पेंटनव्हिल, पोर्टलंड, मिलबँक, चॅटहॅम. इंग्लंडमधले एकेक तुरुंग रॉसाला पाहावे लागले. फेनियनांना राजकीय कैदी म्हणून वेगळे ठेवायचे नाही, चोर-दरोडेखोरांत मिसळून टाकायचे, हे सरकारचे धोरण होते, आणि रॉसाला नेमके तेच मान्य नव्हते. तो नियम मोडी, सलाम करायला नकार देई, शिक्षा वाढे, अंधारकोठडी होई, भाकरी-पाण्यावर ठेवले जाई. १८६८मध्ये चॅटहॅमला त्याने तुरुंगाच्या गव्हर्नरच्या अंगावर भांड्यातली घाण फेकली. त्याबद्दल त्याचे दोन्ही हात पाठीमागे नेऊन बेड्यांत अडकवले गेले. एक दिवस नव्हे, दोन दिवस नव्हे, महिन्याहून अधिक काळ.

हात पाठीमागे बांधलेला माणूस साधी अंगावरची माशी उडवू शकत नाही, घाम पुसू शकत नाही, तोल गेला तर सावरू शकत नाही. बाहेर ही बातमी फुटली तेव्हा आयर्लंडमध्ये संतापाची लाट उसळली. राजबंद्यांच्या सुटकेसाठी गावोगाव सभा भरू लागल्या. अखेर सरकारला लॉर्ड डेव्हन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमावा लागला, आणि १८७०मध्ये त्या आयोगाने बेड्यांची ही गोष्ट खरी असल्याचे नमूद केले. दरम्यान मेरी जेन तान्हे मूल मागे ठेवून अमेरिकेत कवितावाचनाचे कार्यक्रम करत, चार पैसे मिळवून संसार आणि नवऱ्याच्या सुटकेची चळवळ दोन्ही चालवत होती.

आता १८६९च्या नोव्हेंबरातली टिपररी परगण्यातली पोटनिवडणूक पाहू. उमेदवार आहे चॅटहॅमच्या तुरुंगात डांबलेला जन्मठेपेचा कैदी. ना त्याचे भाषण, ना त्याचा चेहरा. समोर डेनिस कॉलफील्ड हेरन हा नावाजलेला वकील. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गुप्त मतदान तेव्हा नव्हते. तो कायदा १८७२चा. मतदाराने मतकेंद्रात उभे राहून, सगळ्यांच्या देखत, आपला उमेदवार मोठ्याने सांगायचा. जमीनदाराचा कारभारी ऐकत असे. ज्याच्या खंडावर आपले घर उभे आहे, त्याच्या माणसासमोर राणीच्या शत्रूचे नाव घ्यायचे होते. १०५४ मतदारांनी ते घेतले. हेरनला ८९८ मते पडली. रॉसा निवडून आला.

शिक्षा भोगणारा गुन्हेगार पार्लमेंटात बसू शकत नाही, असा निर्णय देऊन लंडनने निवडणूक रद्द केली. पण टिपररीला जे सांगायचे होते, ते सांगून झाले होते. तुरुंगातल्या कैद्याला मत देऊन सत्तेला जाब विचारण्याचा हा मार्ग आयर्लंड पुढे विसरले नाही. थेट १९८१मध्ये उपोषण करणारा बॉबी सँड्‌स तुरुंगातून पार्लमेंटवर निवडून आला, तोही याच वाटेने. माझ्या मते रॉसाच्या आयुष्यातला हाच सर्वांत मोठा विजय, आणि तो मिळाला तेव्हा रॉसा कोठडीत होता.

१८७१च्या जानेवारीत, शिक्षेची मुदत संपेपर्यंत आयर्लंडमध्ये पाऊल टाकायचे नाही या अटीवर, त्याला सोडले. जॉन डेव्हॉय आणि आणखी तिघांबरोबर ‘क्युबा’ नावाच्या जहाजातून तो न्यूयॉर्कला उतरला. तिथल्या आयरिश वस्त्यांनी त्यांना डोक्यावर घेतले. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहानेही स्वागताचा ठराव केला. हे दुष्काळात देश सोडून आलेले लोक. गोदीत, खाणीत, लोहमार्गावर, श्रीमंतांच्या स्वयंपाकघरात राबणारे. त्यांच्या मनात इंग्लंडविषयी जे साचले होते, त्याला रॉसाने वाचा दिली.

आणि इथूनच त्याच्या आयुष्याला काळी बाजू येते. हात मोकळे झाल्यावर रॉसाने त्या हातांनी काय केले? १८७६मध्ये त्याने ‘आयरिश वर्ल्ड’ या वृत्तपत्रातून निधी उभारायला सुरुवात केली. मोठे युद्ध होईल तेव्हा होवो, तोवर इंग्लंडमध्ये घुसून जागोजागी तडाखे द्यायचे, ही कल्पना. मजुरांनी, मोलकरणींनी आपल्या घामाचा पैसा पाठवला. पुढे या निधीतून जॉन हॉलंड या आयरिश शिक्षकाच्या पाणबुडीलाही पैसा गेला. पण रॉसाचे मन होते ते डायनामाइटवर. नोबेलने १८६७मध्ये पेटंट घेतलेले हे नवे द्रव्य लहान राष्ट्राला मोठ्या साम्राज्याच्या बरोबरीला आणील, असे त्याला वाटे.

१४ जानेवारी १८८१ रोजी मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डमधल्या लष्करी बराकीत रॉसाच्या माणसांनी पहिला स्फोट घडवला. त्यात सात वर्षांचा एक मुलगा मेला. त्याने कोणाची जमीन घेतली नव्हती, कोणाला उपाशी मारले नव्हते. त्यानंतरची चार वर्षे ग्लासगो आणि लंडन हादरत राहिले. यातले काही स्फोट रॉसाच्या माणसांनी केले, काही त्याच्याशी फारकत घेतलेल्या क्लॅन ना गेल या संघटनेच्या माणसांनी. २४ जानेवारी १८८५ रोजी एकाच दिवशी टॉवर ऑफ लंडन आणि पार्लमेंट अशा दोन्ही ठिकाणी स्फोट झाले.

यातून आयर्लंडला काय मिळाले? काही नाही, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. जे मिळाले ते दुसऱ्या वाटेने. त्याच वर्षांत मायकेल डेव्हिट हा दुसरा फेनियन कुळांना एकत्र करत होता. अकराव्या वर्षी गिरणीच्या यंत्रात उजवा हात गमावलेला हा माणूस, त्याच्याही घरावर दुष्काळात बेदखलीची पाळी आलेली. १८७९मध्ये त्याने लँड लीग उभी केली. खंड रोखणे, जुलमी कारभाऱ्यांवर बहिष्कार, हजारोंच्या सभा. १८८१चा जमीन कायदा सरकारला करावा लागला तो या दबावामुळे, आणि पुढच्या पंचवीस वर्षांत आयरिश शेतकरी हळूहळू आपल्या जमिनीचा मालक झाला. डेव्हिटने डायनामाइटचा उघड निषेध केला. जिलन अँडीच्या खड्ड्याला खरे उत्तर एका हाताच्या डेव्हिटने दिले.

स्फोटांचे आणखी एक फळ मात्र निघाले, आणि त्याची झळ आपल्याकडेही पोहोचली. फेनियनांवर नजर ठेवण्यासाठी लंडनच्या पोलिसांनी १८८३मध्ये एक खास आयरिश शाखा काढली. पुढे नावातला ‘आयरिश’ गळला आणि ‘स्पेशल ब्रँच’ उरली. लंडनमधल्या इंडिया हाऊसवर पाळत ठेवली ती याच शाखेच्या माणसांनी. १३ मार्च १९१० रोजी व्हिक्टोरिया स्टेशनवर विनायक दामोदर सावरकरांना अटक झाली, तेव्हा त्यांच्याभोवती आवळलेला फास आयरिश क्रांतिकारकांसाठी विणलेला होता. साम्राज्याने एका वसाहतीत शिकलेला धडा दुसऱ्या वसाहतीवर वापरला.

१८८५च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या रस्त्यावर यसूल्ट डडली नावाच्या एका इंग्लिश बाईने रॉसावर गोळ्या झाडल्या. तो वाचला. कोर्टाने तिला वेडसर ठरवून वेड्यांच्या इस्पितळात पाठवले. रॉसाची पुढची वर्षे ओढगस्तीत गेली. वृत्तपत्र काढावे, वर्गणीदार जमवावेत, पोराबाळांच्या गराड्यात दिवस ढकलावेत. जुने मित्रही दुरावले होते. १८९४मध्ये त्याला मायदेशी जाता आले. १९०४मध्ये तो पुन्हा स्किबरीनला गेला आणि तिथल्या एका स्मारकाच्या समारंभात हजर राहिला; कॉर्क शहराने त्याला मानाचे नागरिकत्व दिले. पण राहायला मिळाले ते थोडेच. २९ जून १९१५ रोजी न्यूयॉर्कमधल्या स्टेटन आयलंडच्या रुग्णालयात, वयाच्या ८३व्या वर्षी, तो वारला.

डब्लिनमध्ये टॉम क्लार्कला ही बातमी कळली आणि त्याने लगेच डेव्हॉयला कळवले की देह मायदेशी पाठवा. क्लार्क स्वतः डायनामाइटच्या मोहिमेत पकडला जाऊन पंधरा वर्षे इंग्लंडच्या तुरुंगात राहिलेला. डायनामाइटने काय साधते आणि काय साधत नाही, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? महायुद्ध चालू होते, हजारो आयरिश तरुण ब्रिटिश गणवेशात लढत होते, आणि स्वातंत्र्याची भाषा जुनाट वाटू लागली होती. अशा वेळी एका म्हाताऱ्या बंडखोराचे शव काय करू शकते, हे क्लार्कने ओळखले.

१ ऑगस्ट १९१५, रविवार. सिटी हॉलमध्ये दर्शनासाठी ठेवलेली शवपेटी ग्लासनेव्हिनच्या स्मशानाकडे निघाली. रस्त्यांच्या दोन्ही कडांना माणसेच माणसे. स्वयंसेवक दलाच्या आणि कामगारांच्या नागरी सेनेच्या तुकड्या खांद्यावर बंदुका घेऊन भर राजधानीतून चालल्या आणि त्यांना अडवायची हिंमत सरकारने केली नाही. म्हातारी मेरी जेन आणि मुलगी या अंत्ययात्रेत होत्या. थडग्याशी पस्तिशीतला एक शिक्षक, पॅट्रिक पिअर्स, स्वयंसेवकांच्या गणवेशात बोलायला उभा राहिला. किती पुढे जायचे म्हणून त्याने आधी क्लार्कला विचारले होते. क्लार्कने हात राखून बोलू नकोस, असे बजावले होते. पिअर्सने सुरुवात आयरिश भाषेत केली, त्या भाषेत जी रॉसाच्या घरी चुलीपाशी बोलली जायची. मग इंग्रजीत सांगितले की, राज्यकर्त्यांनी सगळी काळजी घेतली, पण आमचे मेलेले फेनियन आमच्याजवळ ठेवले, हीच त्यांची चूक. ही थडगी आयर्लंडच्या ताब्यात आहेत तोवर गुलाम आयर्लंड शांत बसणार नाही. त्यानंतर बंदुकांची सलामी झाली.

नऊ महिन्यांनी, २४ एप्रिल १९१६ला, डब्लिनमध्ये ईस्टर उठाव झाला. ३ मेच्या पहाटे पिअर्स आणि क्लार्क दोघांनाही गोळ्या घातल्या गेल्या. त्यानंतर सहा वर्षांत आयर्लंडचा मोठा भाग ब्रिटिश सत्तेबाहेर पडला.

रॉसाचा हिशेब मांडताना मला दोन गोष्टी एकमेकींपासून दूर करता येत नाहीत. पंधरा वर्षांच्या पोराला ज्या राज्याने शेजारणीला शवपेटीविना पुरायला लावले, त्या राज्याला त्याच्या क्रोधाबद्दल तक्रार करण्याचा अधिकार नव्हता. आणि त्या क्रोधाला सॅलफर्डच्या पोराचा जीव घेण्याचाही अधिकार नव्हता. रॉसाने साम्राज्याला खरोखर हलवले ते तीनदा: कोर्टात वाचत उभा राहिला तेव्हा, कोठडीत डांबलेला असताना टिपररीने त्याचे नाव घेतले तेव्हा, आणि शवपेटीत निजून तो डब्लिनच्या रस्त्यांवरून गेला तेव्हा. तिन्ही वेळी त्याच्या हातात शस्त्र नव्हते. डब्लिनमध्ये लिफी नदीवर एक पूल आहे. आधी त्याला रिचमंड या ब्रिटिश राजप्रतिनिधीचे नाव होते. स्वतंत्र आयर्लंडने त्याला रॉसाचे नाव दिले, आणि आजही तो त्याच नावाने ओळखला जातो.